उम्म लतीफचा फोन

बैरूत, १२ मे १९९१

तनूस,

तुझं पत्र परवा मिळालं. आईच्या नावाचं होतं, मीच फोडलं. नेहमी मीच फोडते, तिला अक्षरओळख नाही हे तुला ठाऊकच आहे. या खेपेला उत्तर मात्र माझ्या नावानं लिहिते आहे.

जुलैत येतोयस, लोरेनला आणि छोट्या वर्देला घेऊन. आईसाठी लोकरीची शाल घेतलीस. वर्देला आजीच्या हाताखाली तिळाच्या कडक रोट्या करायला शिकायचंय. दोनदा वाचलं सगळं.

तिकिटं एवढ्यात काढू नकोस. पाणी तीन दिवसांआड येतं, तेही खालून डबे भरून पाच मजले चढवायचे. लिफ्ट कुठल्या साली बंद पडली ते आता कुणालाच आठवत नाही. खिडक्यांना काचांच्या जागी अजून प्लास्टिकच आहे. लहान मुलीचे हाल होतील. आणि घरी पाहुणे आले की आईची धावपळ होते. पुढच्या वर्षी बघू.

शहराचे दोन भाग करणाऱ्या रेषेवर उगवलेली झाडं तोडायला घेतलीयेत. लोक पलीकडे जाऊन येतात. पंधरा वर्षांत जे पाहिलं नाही ते पाहतात आणि परततात. मीही गेले होते. लढाईत तुमची तुकडी होती त्या टेकडीपर्यंत चालत गेले. तिथून आपली गल्ली इतकी जवळ दिसते हे मला माहीत नव्हतं. बेकरीची चिमणीसुद्धा ओळखू येते.

तू विचारलंस, उम्म लतीफ पुन्हा रेडिओवर येणार का. नाही येणार.

हयाम


बैरूत, ३० मे १९९१

तनूस,

रविवारी तू खालच्या औषधांच्या दुकानात फोन केलास. हयाम बाहेर गेलीये, असं तुला तिथल्या नोहाबाईंनी सांगितलं. मी त्यांच्या समोरच उभी होते. हातानं नको नको म्हणत होते.

नऊ जुलैची तिकिटं काढलीस, असं तू त्यांना म्हणालास. पुढच्या रविवारी आईला खाली आणून बसवा, मला तिचा आवाज ऐकायचाय, असंही म्हणालास. नोहाबाई फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "अजून सांगितलं नाहीस? मी तिच्या मयतीला आले होते, हयाम. मला पुन्हा असं खोटं बोलायला लावू नकोस."

तर ऐक. आई नाही. हल्लीच गेलेली नाही. बावीस ऑक्टोबर १९८५ ला, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती गेली. बेकरीच्या दारात, रोटीच्या रांगेत. पलीकडून तोफगोळा आला. रांगेत ती पाचवी होती. तिच्या पुढची चौघं आणि मागची एक मुलगी, असे तिच्यासकट सहा जण गेले. तिचा चेहरा तसाच होता, हे तुला सांगावंसं वाटतं. केसांत पीठ होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला चर्चमागच्या आवारात पुरलं. बाबांशेजारी नेता आलं नाही, ती दफनभूमी रेषेच्या पलीकडे आहे.

म्हणजे साडेपाच वर्षं झाली. तुझ्या हिशेबात मात्र ती परवापर्यंत मला पत्रं सांगत होती. ती सगळी मी माझ्या मनानं लिहिली. तुझ्या लग्नाला आशीर्वाद मी दिला. मुलीला तिचंच नाव, वर्दे, ठेवतो म्हणून तू कळवलंस तेव्हा ती लाजली असती, म्हणून "जगात नावं संपली का रे" असं मी तिच्या तोंडी घातलं. इकडे कुणी तुला कळवू नये म्हणून मामाला शपथ घातली. तसंही तू रेषा ओलांडून त्या लोकांत गेल्यापासून मामा तुझं नाव काढत नव्हता.

मी हे का केलं ते या पत्रात लिहू शकत नाही. वाक्य जुळवायला बसले की तिच्याच आवाजात जुळतं.

हयाम


बैरूत, ८ जून १९९१

तनूस,

रविवारी तुझा फोन आला नाही. म्हणजे पत्र पोचलं असावं, किंवा कुणाकडून तरी कळलं असावं. आता बाकीचंही लिहून टाकते.

तुला पहिल्यापासून वाटायचं की उम्म लतीफ म्हणजे आईच. टेकडीवर तुम्ही दहा-बारा जण ट्रान्झिस्टरभोवती बसून ऐकायचात, आणि "ही माझी आई आहे" असं तू त्यांना सांगितलंस, हे तूच नंतर मला आई समजून बोललास. ती मी होते. लिहायचा बुरहान आणि बोलायचे मी. बुरहान बस्ता मोहल्ल्यातला, शाळेत व्याकरण शिकवणारा. हसत नसे, पण लिहायचा असं की ध्वनियंत्र सांभाळणारा माणूस टेबलाखाली जायचा. आवाज मात्र मी आईकडून उचलला होता. तिचं ते नाकात ओढून "बाळा" म्हणणं, वाक्य अर्धवट टाकून पातेलं बघायला जाणं, सगळं तिचं.

लतीफ नावाचा मुलगा कुणी कधी पाहिला नाही, तरी सगळं शहर तिला लतीफची आई म्हणायचं. संध्याकाळी साडेपाचला ती रेडिओवरून तोफेवरच्या पोरांना लटका फोन लावायची, एक दिवस तुमच्या बाजूला, एक दिवस आमच्या. "बाळा, तुझा एक गोळा आमच्या गच्चीत येऊन पडलाय. घेऊन जायला कधी येतोस? मी तिथे टोमॅटो वाळत घातलेत." किंवा, "दोन्हीकडचे तुम्ही बरोबर एक वाजता जेवायला थांबता. घड्याळावर तुमचं एकमत आहे म्हणजे, मग भांडण कसलं राहिलं?" प्रत्येक फोन ती "तू मला पुरशील रे" असं म्हणून ठेवायची, आपल्याकडे कुठलीही आई लेकराला म्हणते तसं. लेकराच्या आधी आपण जावं म्हणून.

आई स्टुडिओत येऊन कोपऱ्यात बसायची. नक्कल चुकली की मान हलवायची. एकदा बुरहाननं तुमच्या बाजूच्या पोरांवर फार जहरी काहीतरी लिहिलं होतं. आई त्याला म्हणाली, "मास्तर, पोरांना शिव्या द्या, पण त्यांच्या आया ऐकतायत असं धरून द्या." बुरहाननं तो कागद फाडला. त्यानंतर तो लिहून झालं की आधी तिला वाचून दाखवायचा. तिच्यामुळे कार्यक्रमात जीव आला. रांगेत उभी राहून बायका काय बोलतात ते ती ऐकून यायची आणि आम्हाला सांगायची. बेकरीची रांग, पाण्याची रांग, रॉकेलची रांग.

म्हणून ती त्या मंगळवारी गेली. घरात रोटी होती, तनूस. सोमवारची अख्खी थप्पी होती. मी म्हणाले, आज काही सुचत नाहीये. ती म्हणाली, थांब, मी जरा रांगेत जाऊन येते. हे मी नोहाबाईंनाही सांगितलेलं नाही.

त्याच दिवशी साडेपाचला मी स्टुडिओत गेले. बुरहान म्हणाला, आज जुना भाग लावू. मी नको म्हटलं. माझ्या कोटाच्या बाहीला पीठ होतं. कागद नव्हता. लाल दिवा लागला आणि मी आईच्या आवाजात बोलायला लागले, "हॅलो, टेकडी का? बाळा, तू आज अकरा वाजता फोन केलास बेकरीवर. मी रांगेत पाचवी होते. आता मला सांग, माझी रोटी कोण नेणार घरी?" ध्वनियंत्रावरचा माणूस हसला. त्याला माहीत नव्हतं. मग मी पुढच्या चौघांबद्दल बोलले, कुणाच्या हातात कसली पिशवी होती, कोण कुणाशी काय बोलत होतं. मागच्या मुलीनं नुकतीच वेणी कापली होती, ते सांगितलं. तो हसायचा थांबला. मी "तू मला पुरशील रे" म्हटलं नाही. तेवढं माझ्यानं झालं नाही. आठ मिनिटं बोलले आणि दिवा विझला.

बुरहान जिन्यात मला म्हणाला, "हयाम, हे आपण करतो ते नव्हतं. तू मेलेल्या बाईला उठवून बसवलंस. आता तिला परत कोण झोपवणार?"

पण लोकांनी ऐकलं. दोन्ही बाजूंनी ऐकलं. आठवडाभर स्टुडिओचा फोन वाजत राहिला. काही नुसते श्वास ऐकू यायचे. आमच्या बाजूचा एक तोफेवरचा पोरगा रडला, म्हणाला, "मावशी, आमच्यानंही असं कुठे झालं असेल का?" मी त्याला खरं उत्तर दिलं. म्हटलं, झालं असेल. पुढे तो तोफ सोडून उत्तरेकडे, आपल्याच त्रिपोलीला, आपल्या काकाच्या सुतारखान्यात गेला, असं त्यानंच कळवलं. म्हणजे मला खरं बोलता येत होतं. हे लक्षात ठेव.

आठव्या दिवशी तुझा फोन आला. मी सवयीनं उचलून तिच्याच आवाजात "हॅलो" म्हटलं. तू म्हणालास, "आई?"

नऊ वर्षांनी तुझा आवाज ऐकत होते. तू म्हणालास, "आई, मी तनूस. तो बेकरीचा भाग मी ऐकला. ते खरं होतं का? मंगळवारी अकराला आम्हीच मारा करत होतो. आई, ते खरं होतं का नाटक होतं, एवढंच सांग."

मी म्हणाले, "नाटक रे ते. तुझ्या बहिणीचं आणि मास्तरांचं. मी इथे धडधाकट बसलेय. जेवलास का?"

तू हसलास. सुटल्यासारखा हसलास, तो आवाज मी कधी विसरलेले नाही. म्हणालास, मला वाटलंच, आम्ही काही माणसांच्या रांगेवर नेम धरत नाही. मग फोन न ठेवता गप्प राहिलास. कशासाठी थांबलायस ते मला कळलं. मी म्हटलं, "तू मला पुरशील रे." तिला पुरून एक आठवडा झाला होता.

तुला वाचवावं म्हणून खोटं बोलले, असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आले. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की तू "आई" म्हणालास आणि मला ते हवंसं वाटलं. तेवढा वेळ ती कुठेतरी होती. नंतर तू आणखी दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा मी आधीपासून तयारी करून बसले होते.

आणि हे सगळ्यात शेवटचं. त्या दिवशी मी हो म्हटलं असतं तर तू त्याच दिवशी तोफ सोडली असतीस. सुताराकडे गेलेल्या पोरानं सोडली, तूही सोडली असतीस, मी तुला ओळखते. तू एप्रिलपर्यंत राहिलास. सहा महिने. मी रोज गच्चीत उभी राहून तुमच्या बाजूचे आवाज मोजायचे आणि मनात म्हणायचे, यातला कुठला तरी मी सोडलाय.

पुढच्या वर्षी काही माणसं स्टुडिओत आली. उम्म लतीफनं यापुढे फक्त पलीकडेच फोन करायचा, असं त्यांनी सांगितलं. बुरहान नाही म्हणाला, म्हणून कार्यक्रम बंद पडला. लोक आम्हाला शूर म्हणाले. मला सुटका वाटली होती.

हयाम


बैरूत, ३१ ऑगस्ट १९९१

तनूस,

नऊ जुलैला मी विमानतळावर गेले होते. तू येणार नाहीस हे ठाऊक असून गेले. तुमच्या विमानातून उतरलेल्या प्रत्येक माणसाला कुणीतरी घ्यायला आलं होतं. शेवटी मी आणि सामानाची एक ढकलगाडी राहिलो.

घरात तिचा आवाज येतो. वेड्यासारखं काही नाही, माझ्याच तोंडून येतो. भाजीवाल्याशी बोलता बोलता मध्येच निघतो. परवा जिन्यात शेजारणीच्या मुलीला मी "बाळा" म्हटलं आणि ती मुलगी जिना उतरून पळाली. सध्या बोलणं कमी केलंय.

बुरहान भेटला. त्याचे केस गेलेत. शाळेत पुन्हा व्याकरण शिकवतो. सगळ्यांना माफी देणारा कायदा झाला, ते तिकडे कळलं असेल. बुरहान म्हणतो, "गुन्हे माफ झाले, म्हणजे गुन्हेगारांची नावं गेली. त्यांच्याबरोबर मेलेल्यांचीही गेली. आता कुणी काही केलंच नाही, आणि कुणाला काही झालंच नाही." हे तो विनोद म्हणून सांगतो. कुणी छापत नाही.

तू शिव्या देणारं पत्र लिहिलंस तरी चालेल. रिकामं पाकीट नको पाठवूस.

हयाम


बैरूत, १७ ऑक्टोबर १९९१

तनूस,

कॅसेट मिळाली. पत्राची वाट पाहत होते, म्हणून पाकीट जड लागल्यावर आधी घाबरले.

तीन दिवस लावली नाही. मग बुरहानला बोलावलं आणि दोघांनी मिळून ऐकली. तू तुझं नाव सांगतोस, बाबांचं नाव सांगतोस, टेकडीचं नाव सांगतोस. त्या मंगळवारी सकाळी हुकूम काय आला, बेकरीच्या चिमणीवर नेम का धरला, धूर दिसल्यावर कोण काय म्हणालं, आणि तूही हसलास, ते सांगतोस. मग मी नंतरच्या चिठ्ठीत लिहून पाठवलं होतं त्या क्रमानं रांगेतली माणसं सांगतोस. "पाचवी माझी आई" असं म्हणून थांबतोस. मागे कुठेतरी नळ गळतोय. मग म्हणतोस, "हे रेडिओवर लाव. माझ्या आवाजात. नाटक नाही म्हणून सांग."

मी तीन रेडिओ केंद्रांत गेले. एका ठिकाणी साहेबांनी चहा पाजला, पाच मिनिटं ऐकलं आणि यंत्र बंद केलं. म्हणाले, "बाई, सगळे एकमेकांच्या लग्नाला जायला लागलेत. आता हे कशाला?" दुसऱ्यानं विचारलं, यात दुसऱ्या बाजूचाही कुणी कबुली देतोय का, म्हणजे समतोल राहील. तिसऱ्यानं उम्म लतीफचे जुने भाग मागितले. गमतीचे तेवढेच.

तेव्हा बुरहाननं आपल्या शाळेतली एक खोली मागून घेतली. मागच्या महिन्यातल्या एका गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिथे टेपरेकॉर्डर ठेवला. आपलं सोडून बाकीच्या पाच घरांना आणि बेकरीवाल्याला निरोप धाडले होते. चार घरची माणसं आली. वेणी कापलेल्या मुलीची आई दारापर्यंत आली, आत आली नाही. मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली. मी सांगितलं, हा माझा भाऊ आहे. बेकरीवाला उठून भिंतीशी उभा राहिला.

बावीस मिनिटांची आहे. कुणी उठून गेलं नाही. तू हसलास ते सांगतोस तिथे बेकरीवाल्यानं तोंड भिंतीकडे केलं. संपल्यावर कुणी रडलं नाही. मला वाटलं होतं शिव्या येतील, निदान एखादा हात तरी माझ्यावर उठेल. मी खुर्चीत ताठ बसून त्याचीच वाट पाहत होते.

अबू नझीह पहिल्या बाकावर होते. तू रांगेत तिसरी म्हणतोस ती सुबहिया, तिचा नवरा. ऐंशीच्या घरात असतील. ते बुरहानला म्हणाले, मागे घे. बुरहाननं कॅसेट मागे घेतली. तू पुन्हा माणसं सांगितलीस. ते म्हणाले, अजून एकदा. तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी हात वर केला, वर्गात करतात तसा, आणि मला विचारलं, "हा पुन्हा बोलेल का?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"बोलायला सांग," ते म्हणाले. "ती तिसरी नव्हती. दुसरी होती. मला शिळी रोटी पचत नाही म्हणून ती दहालाच जाऊन उभी राहिली होती. तिच्या पुढे फक्त तो चांभार होता. आणि हा नुसतं सुबहिया म्हणतो. सुबहिया कुणाची? बापाचं नाव लावायला सांग. सांगायचंच असेल तर नीट सांग म्हणावं, नाहीतर गप्प बस."

चूक माझी आहे, तनूस. क्रम मी बेकरीवाल्याला विचारून लिहिला होता, त्याच्या डोक्यातही त्या दिवसाचं सगळं धड उरलेलं नाही. मग बाकावरचे सगळेच बोलायला लागले. कोण कुणाच्या पुढे होतं, कुणी जागा धरून ठेवली होती, चांभार मध्येच सिगारेट घ्यायला गेला होता का. सहा वर्षांत ही माणसं एकमेकांशी यावर कधी बोलली नव्हती. बुरहाननं फळ्यावर रांग काढली. पुसली, पुन्हा काढली. वेणी कापलेल्या मुलीची आई दारातूनच म्हणाली, "माझी सर्वात मागे नव्हती. तिच्या मागे आणखी एक बाई होती, ती वाचली. तिलाही बोलवा." मग ती आत आली.

फळ्यावरून उतरवून घेतलेला कागद सोबत ठेवते आहे. बापाच्या नावांसकट. उच्चार कुठे अडला तर नोहाबाईंच्या दुकानात फोन कर, मी खाली येऊन उचलीन आणि माझ्या आवाजात सांगीन.

ही कॅसेट अबू नझीहनी परत नेऊ दिली नाही. चुकीची आहे म्हणून नवी येईपर्यंत ठेवून घेतलीये. तेव्हापासून दर गुरुवारी ते शाळेत येऊन बसतात. आजही आले होते. आली का, एवढंच विचारतात. नाही म्हटलं की काठी उचलतात आणि जिना उतरतात.

हयाम